कुत्रा आडवा आला नव्हता

रमजानच्या दिवसांत मगरिबच्या अजानआधीची पंधरा मिनिटे कोणत्याही गावात ओळखू येतात. भजी-समोशांच्या गाड्यांना गराडा पडलेला, फळवाल्याकडे कलिंगडासाठी हाकाटी, घराघरांत दस्तरखान मांडण्याची लगबग. आणि रस्त्यावर मोटारसायकली. चालवणारा पहाटे साडेचारला सहरीसाठी उठलेला असतो, रात्री तरावीहनंतर उशिरा झोपलेला असतो. दिवसभर पाण्याचा घोट नाही. मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि हँडलला टांगलेल्या पिशवीत घरच्यांनी सांगितलेली जिलबी असते. ती गरम पोचवायची असते.

गेल्या रमजानात अशाच एका संध्याकाळी सव्वीस वर्षांचा एक तरुण बायपासवर पडला. कापडाच्या दुकानात सेल्समन. ईदच्या खरेदीचा हंगाम, त्यामुळे दुकानातून सुटायला उशीर झालेला. वाटेत क्लासवरून सोळा वर्षांच्या चुलतभावाला मागे घेतले. हेल्मेट होते, पण ते आरशाला अडकवलेले. पडला तेव्हा उजव्या पायाची नडगी मोडून हाड कातडीबाहेर आले. डोके दुभाजकापासून हातभर अंतरावर आपटले. मागे बसलेल्या मुलाचे उजवे मनगट गेले आणि दोन दिवसांवर त्याचा दहावीचा भूगोलाचा पेपर होता.

दोघांना उचलले ते पुढे चाललेल्या टेम्पोच्या चालकाने. मागचा हौदा रिकामा होता, त्यात ताडपत्री अंथरून त्याने दोघांना दवाखान्यात आणले. तिथे नातेवाईक जमले आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मोठ्या गाडीवाल्यावर आवाज चढले. स्ट्रेचरवरचा तरुण तेवढ्या वेदनेतही म्हणाला, "त्याला काही बोलू नका. कुत्रा आडवा आला." टेम्पोवाला सुटला. सुटला म्हणण्यातही अन्याय आहे, कारण तो अडकायचे काही कारणच नव्हते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला दवाखान्याने किंवा पोलिसांनी अडवून ठेवू नये, याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच मान्यता दिली आहे आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही त्यासाठी कलम आले. पण दवाखान्याच्या दारात जमलेल्या माणसांना कलमे माहीत नसतात.

कुत्र्याची गोष्ट मात्र घट्ट बसली. मोहल्ल्यात, दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर तीच सांगितली गेली. ऐकणारा मान हलवून म्हणायचा, "तकदीर. अल्लाहने वाचवले." शेजारच्या गल्लीतले म्हणायचे, "नशीब बलवत्तर." शब्द वेगळे, पण दोन्हींनंतर विषय संपायचा तो सारखाच.

दवाखान्यात पहिला वाद झाला तो रोजाचा. अर्धा रमजान बाकी होता. प्रतिजैविकांची इंजेक्शने ठरल्या वेळी, वेदनाशामक गोळ्या खाऊन झाल्यावर, आणि पोरगा म्हणतो, रोजा सोडणार नाही. बिगरमुस्लिम वाचकांना यात नुसता हट्ट दिसेल. लहानपणापासून एकही रोजा न चुकवलेल्या माणसाला अंथरुणात दुपारी पेज पिताना काय वाटते, हे रोजेदारालाच कळते. शेवटी इमामसाहेब भेटायला आले. त्यांनी उपदेश केला नाही, फक्त आठवण करून दिली. रमजानचे रोजे ज्या आयतींत सांगितले आहेत, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना ते इतर दिवशी पूर्ण करण्याची मुभा आहे, आणि ती लागोपाठच्या दोन आयतींत दोनदा आली आहे. "एकदा सांगून भागले असते," ते म्हणाले. "दोनदा का सांगितले असेल? तुझ्यासारखे असतात म्हणून." पोराने पेज प्यायली.

अशा सवलतींची मोठी यादी इस्लामी शास्त्रात आहे. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर आडवे होऊन. जखमेवर पट्टी असेल तर वजू करताना त्या भागावर नुसता ओला हात फिरवायचा. धर्म शरीराचे इतके बारीक ऐकतो आणि धार्मिक माणूस ऐकत नाही, ही गंमत प्रत्येक घरात दिसते. एकादशी करणाऱ्या मधुमेही आजीच्या घरीही ती दिसते.

दुसरा टप्पा लांबला. जखमेत जंतुसंसर्ग झाला, खराब झालेले हाड काढावे लागले आणि नडगीत चार सेंटीमीटरची पोकळी राहिली. मग मोठ्या शहरात नेऊन पायाला रिंग बसवली. रिंग म्हणजे पायाभोवती धातूची कडी, त्यांतून हाडाच्या आरपार गेलेल्या, सायकलच्या स्पोकसारख्या ताणलेल्या तारा आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे गज. या पद्धतीचे नाव इलिझारोव्ह. गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत हे नाव रोज घेतले जाते, पण त्यामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

गाव्रिल इलिझारोव्ह हा सोव्हिएत डॉक्टर पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान भागात काम करत होता. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, मोडलेल्या हाडांचे रुग्ण पुष्कळ आणि साधने तुटपुंजी. त्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कडी बनवली ती मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबून धरण्यासाठी. असे सांगतात की कुणाकडून तरी नट उलटे फिरवले गेले. तुकडे जवळ येण्याऐवजी दूर गेले, आणि मधल्या फटीत नवे हाड धरलेले दिसले. चूक झाली ती झाकली गेली नाही, तपासली गेली. त्यातून नियम सापडला: हाड दिवसाला एक मिलिमीटर या गतीने, तेही चार हप्त्यांत, दूर सारले तर मधली जागा शरीर स्वतः भरून काढते. घाई केली तर भरत नाही. फार रेंगाळले तर वेळेआधीच जुळून बसते.

इलिझारोव्हचे नाव सोव्हिएत देशभर झाले त्यातही एका मोटारसायकलचा हात आहे. व्हॅलेरी ब्रुमेल हा उंच उडीतला सहा वेळा विश्वविक्रम करणारा खेळाडू. १९६३ साली २.२८ मीटर, १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण. पुढच्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, मॉस्कोत तो मोटारसायकलवर मागे बसला होता, गाडी घसरली आणि उजव्या पायाचा चुरा झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पाय आखूड झाला, संसर्ग हटेना. १९६८ साली तो कुर्गानला पोचला. इलिझारोव्हने पाय उभा केला आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरवरून उडाला. जुनी उंची त्याला परत मिळाली नाही, हेही सांगायला हवे. बरे होण्याच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो आणि मग घरातला रुग्ण आधीसारखा धावत नाही म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहतो.

तर या तरुणाच्या घरी दिवसातून चार वेळा नट फिरवायचे काम आईने घेतले. दहा नंबरचा पाना, जो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये असतो, तोच. प्रत्येक वेळी पाव फेरा. डॉक्टर म्हणाले दर सहा तासांनी. अम्मीने ते स्वतःच्या घड्याळात बसवले. एक फजरला, एक जोहरआधी, एक मगरिबला आणि शेवटचा मध्यरात्री. तारांभोवतीची जागा रोज स्वच्छ करायची, लाली दिसली तर लगेच कळवायचे. पोरगा सुरुवातीला फक्त पडून राहायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "सब्र कर बेटा, पडून राहा." फिजिओथेरपीच्या बाईंनी ते मोडून काढले. रिंगेतला पाय टेकवून, वॉकर धरून चालायचेच. हाडावर भार पडला तरच नवे हाड पक्के होते. बाई म्हणाल्या, "पडून राहिलात तर रिंग वर्षभर राहील."

सब्र या शब्दाची आपल्याकडे फार हेळसांड झाली आहे. उर्दूतही आणि त्याच्या मराठी भाषांतरातही. संयम म्हणजे गप्प बसणे, सोसणे, वाट पाहणे, असा अर्थ करून तो दुबळ्यांच्या गळ्यात घातला जातो. चाळीस दिवस, दिवसाला चार वेळा, पोराच्या किंकाळीकडे दुर्लक्ष करून पाव फेरा फिरवणाऱ्या बाईला कुणी सब्र शिकवायची गरज नव्हती. तिचा सब्र हातात पाना घेऊन होता.

अशाच एका मध्यरात्री ती पाना लावता लावता सवयीने पुटपुटली, "अल्लाहची मर्जी. त्या मुक्या जनावराला तरी काय दोष द्यायचा." तेव्हा पोराने सांगितले की कुत्रा नव्हताच. तो टेम्पोला डावीकडून ओलांडत होता. मधे जागा नव्हती, पण अजानला सहा मिनिटे होती. कडेची वाळू चाकाखाली आली. टेम्पोवाल्याने काहीच केले नव्हते, म्हणून त्याला वाचवायला कुत्रा काढला. आणि एकदा काढल्यावर त्याच्याच आडोशाला स्वतः लपला.

अम्मीने फेरा पूर्ण केला. मग एवढेच विचारले, "हे चाचांना सांगितलंस?"

मागे बसलेल्या मुलाला अर्थात सगळे माहीत होते. तो चार महिने काही बोलला नव्हता. त्याचा भूगोलाचा पेपर बुडाला होता, मनगटात सळई होती आणि पुरवणी परीक्षेला तो दोन तासांत हात दुखून तीनदा थांबला होता. लोक त्याच्यासमोर कुत्र्याची गोष्ट सांगत आणि तो ऐकून घेत असे.

सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे आणि कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद नसते. हाड जुळले म्हणजे अपघातातून माणूस बरा झाला, असे आपण धरून चालतो. अपघात कसा झाला, याचा खरा हिशोब घरात एकदाही मांडला जात नाही. तकदीर हा शब्द तिथे फार सोयीचा पडतो. इस्लाममध्ये तकदीरवर श्रद्धा आहेच, पण उंट बांधायचा की अल्लाहवर भरोसा ठेवायचा, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध आणि मग भरोसा ठेव असे सांगितल्याची हदीस मदरशातल्या लहान पोरालाही पाठ असते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळणे हे उंट बांधणेच आहे. तौबेचेही तसेच. ती जीभेने म्हटली की झाली, असे नाही. चूक मान्य करणे, तिचा पस्तावा होणे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय, या तिच्या अटी आहेत. आणि दुसऱ्या माणसाचे नुकसान झाले असेल तर त्याचा हक्क त्यालाच परत करावा लागतो, माफी त्याच्याकडेच मागावी लागते. याला हुकूकुल इबाद म्हणतात, माणसांचे माणसांवरचे हक्क. सत्तावीसच्या रात्री जागून मागितलेली दुआ इथे पुरत नाही, असे उलेमा सांगत आले आहेत. हे ऐकताना सगळे माना डोलावतात. मोटारसायकल चालवताना मागे बसलेल्याचाही आपल्यावर असा हक्क असतो, हे मात्र कोणत्याही जुम्याच्या बयानात सहसा ऐकू येत नाही. ते यायला हवे. रमजानच्या पहिल्याच जुम्याला यायला हवे.

पोराने चाचांना सांगितले. चाचा दोन महिने बोलले नाहीत. ते त्यांचे बरोबरच होते.

घाईची जी कारणे दिली जातात त्यांत एक धार्मिक असते. सूर्य मावळला की इफ्तारला उशीर लावू नये, अशी शिकवण आहे, आणि तरुण पोरे तिचा आधार घेऊन ॲक्सिलरेटर पिळतात. शिकवणीत इफ्तार करण्याची घाई सांगितली आहे, घरी पोचण्याची नव्हे. एक खजूर आणि पाण्याचा घोट एवढ्याने रोजा सुटतो, तो रस्त्याच्या कडेला झाडाखालीही सुटतो. जमातची नमाज उभी राहिली तरी धावत येऊ नका, शांतपणे चालत या, असेही सांगितलेले आहे. ज्या धर्मात नमाजसाठी पळू नये असे सांगितले आहे, त्यात समोशासाठी सत्तरच्या वेगाने जाण्याची परवानगी कुठून आली?

आणि वाचतो तरी किती वेळ? दुकानापासून घर नऊ किलोमीटर. ताशी ४० किलोमीटरने साडेतेरा मिनिटे, ६०ने नऊ मिनिटे. साडेचार मिनिटांसाठी आठ महिने रिंग, आईच्या बांगड्या गहाण आणि सोळा वर्षांच्या मुलाचा पेपर.

बांगड्यांवरून एक बाजूची गोष्ट. जकात कुणाला द्यावी याचे जे आठ वर्ग सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. दवाखान्याच्या बिलाने कर्जबाजारी झालेले घर आपल्याच गल्लीत असते आणि जकातीची पाकिटे दूरवर जातात. असे घर मागायला येत नाही, त्याला शोधावे लागते.

हेल्मेटविषयी बोलले की लोकांना कंटाळा येतो, तरी थोडे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५० हजारांवर, आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून अधिक. हेल्मेटची शहाणीव जगालाही एका अपघातानंतरच आली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स अरबांबरोबर वाळवंटातल्या लढाया लढून जिवंत परतला आणि १९३५ साली इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूशल्यविशारद होता. केर्न्स त्या मृत्यूवर हळहळून थांबला नाही. त्याने डोक्याला मार लागलेल्या मोटारसायकलस्वारांच्या नोंदी जमवायला घेतल्या, १९४१ साली निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना ते १९७३ साली सक्तीचे झाले. तोवर केर्न्सला जाऊन वीस वर्षे होऊन गेली होती. आपल्याकडे कायदा कधीचाच आहे, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही लागू. हेल्मेटेही आहेत. ती आरशांना आहेत.

या गावात सुधारणा झालीच तर ती कायद्याने नव्हे, दुकानांच्या गल्ल्यांवरून होईल. त्या कापडदुकानाच्या मालकांनी यंदा एक साधी गोष्ट केली. रोजे धरणाऱ्या दोघा सेल्समनना संध्याकाळी अर्धा तास आधी सोडायचे आणि तो अर्धा तास सकाळी लवकर येऊन भरायचा. त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. दुकानात ऐन गर्दीची वेळ असते म्हणून कुरकुरही थोडी केली. गावातल्या पन्नास दुकानदारांनी असे केले तर बायपासवरची संध्याकाळ वेगळी दिसेल. ज्यांना जमणार नाही त्यांनी दुकानातच खजूर आणि पाण्याचा जग ठेवावा, पोरगा इफ्तार करून सावकाश निघेल. आणि ईदीचे पाकीट देणाऱ्या मामूंनी आणि खालांनी यंदा आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट द्यावे. पोरे नाक मुरडतील, देऊ द्या.

तरुणाची रिंग कार्तिकात निघाली. राहिलेले रोजे त्याने डिसेंबर-जानेवारीत पूर्ण केले. थंडीतले छोटे दिवस, तहान कमी. घरात बाकी सगळे दुपारी जेवत असताना एकट्याने धरलेला रोजा रमजानच्या रोजापेक्षा जड जातो, असे तो म्हणतो. उजवा पाय किंचित वाकडा पडतो. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नमाजला अजून खुर्ची लागते.

यंदा तो पुन्हा मोटारसायकलवर कामाला जातो. उशीर झालाच तर बायपासच्या अलीकडे पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावतो, हेल्मेट काढून टाकीवर ठेवतो आणि डिकीतली खजुराची पुडी आणि बाटली काढतो. एकदा तोच टेम्पोवाला तिथे डिझेल भरायला थांबला होता. दोघांनी दोन-दोन खजूर खाल्ले. टेम्पोवाल्याने पायाकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि ताडपत्री धुऊनही डाग गेला नसल्याचे हसत सांगितले.

चुलतभाऊ अकरावीत आहे. तो क्लासवरून सायकलने घरी येतो. त्याला मागे बसायला अजून कुणी सांगितलेले नाही आणि त्यानेही स्वतः विचारलेले नाही. डिकीत दुसरे हेल्मेट मावत नाही, म्हणून ते घरी खुंटीला टांगलेले असते.